लाकडी बिल्ला

३ फेब्रुवारी

बाळ्या,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत बसत नाही. फोनवर तू 'ताई, ऐक तर' म्हणून सुरू होतोस आणि मग शेवटपर्यंत मी ऐकतच राहते. म्हणून कागद घेतला आहे. इथे तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

तू विचारलं आहेस की नाटकाचा आमच्या वस्तीवर काय परिणाम झाला ते सविस्तर कळव, संस्थेला अहवाल द्यायचा आहे. लिहून घे. तुझ्या भाचीची नोकरी गेली.

सविस्तर हवं आहे ना, मग पहिल्यापासून सांगते. तुला ठाऊक असलेलंही सांगते, उगाच नंतर 'ताईने नीट कळवलं नाही' नको. शर्टांच्या कारखान्यात शिलाईच्या प्रत्येक लाइनीला चाळीस बायका आणि संडासाला जायला एकच लाकडी बिल्ला. बिल्ला सुपरवायझरच्या टेबलावर असतो. एकीने त्याला विचारून तो न्यायचा, परत आणून ठेवायचा, मगच दुसरीने उठायचं. त्यामुळे बायका कामावर पाणीच पीत नाहीत, आणि निम्म्या जणींना कायमची जळजळ. मी त्याच लाइनीवर कॉलर शिवत म्हातारी झाले, डोळ्यांनी दगा दिला म्हणून घरी बसले, आणि माझ्या मशीनवर छकी बसली. तुझे भावोजी गेल्यापासून हे घर तिच्याच पगारावर चालत होतं.

हे सगळं मी तुला गेल्या वर्षी जेवता जेवता सांगितलं आणि तू ताट बाजूला सारून म्हणालास, "ताई, याचं नाटक होतं." मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. लहानपणीसुद्धा तू ताट बाजूला सारलंस की घरात काहीतरी फुटायचं.

नाटक चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. क्वार्टर्सच्या मधल्या मोकळ्या जागेत बायका सतरंज्या टाकून बसल्या. तू गळ्यात शिट्टी अडकवून सुपरवायझर झालास आणि तुमच्या मंडळींतली ती काटकुळी मुलगी कामगार झाली. तू असा काही ओरडलास, डोळे वटारलेस, पोट पुढे काढून चाललास, की शेजारीण हसून हसून माझ्या अंगावर पडली. मुलगी बिल्ला मागते, तू देत नाहीस, ती रडत मशीनवर बसते. संपलं. मग तू शिट्टी वाजवून म्हणालास, आता हेच पुन्हा करू. तुमच्यापैकी कोणालाही वाटलं तर 'थांब' म्हणा, पुढे या, त्या मुलीची जागा घ्या आणि तिने काय करायला हवं होतं ते करून दाखवा.

छकी उठली. 'थांब' म्हणाली. टेबलावरचा बिल्ला उचलून तुझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "आजपासून हा खिळ्याला टांगलेला राहील. जिला जायचं ती जाईल. आम्ही कोणाला विचारणार नाही." आणि तू काय केलंस? मान खाली घातलीस. दोन पावलं मागे सरकलास. शिट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवलीस. काय टाळ्या पडल्या! मीही वाजवल्या. छकी बिल्ला उंच धरून उभी होती, गालांवर लाली आली होती, आणि तुमच्या माणसाने तिचा फोटो काढला.

सोमवारी तिने कारखान्यात तेच केलं. तीच वाक्यं, बिल्लाही तसाच उचलून.

खरा सुपरवायझर ओरडत नाही रे. तो हळू बोलतो. सगळ्यांना 'बेटा' म्हणतो. त्याने छकीला आधी विचारलं, "आई कशी आहे? डोळ्यांवर काही उपचार चाललेत ना?" मग लाइनीकडे वळून म्हणाला, "हिच्यासोबत कोण कोण आहे? हात वर करा. जी हात वर करेल तिने हिच्या वाटच्या कॉलर संपवूनच आज घरी जायचं." सगळ्या माना मशीनवर. पुढे बसून टाळ्या पिटणाऱ्या त्याच बायका, सगळ्यांच्या सुयांतले दोरे एकदम निघाले होते वाटतं. त्याने छकीच्या हातातून बिल्ला घेतला, जागेवर ठेवला, नीट सरळ केला. म्हणाला, "नाटक छान झालं म्हणतात. आता गेटवर जा, बेटा."

हा परिणाम. अहवालात कुठल्या रकान्यात बसतो ते तूच बघ.

ताई


२२ फेब्रुवारी

बाळ्या,

तुझं पत्र मिळालं. चार पानांपैकी तीन पानं 'प्रक्रिया' या विषयावर आहेत आणि चौथ्यावर छकीला धीर दिला आहे. धीर वाचून दाखवला. ती म्हणाली, "मामाचं अक्षर सुधारलंय."

तू लिहिलं आहेस की प्रेक्षकांतून कोणी पुढे आलं की त्याचा उत्साह मोडायचा नाही, हा तुमच्या कामातला नियम आहे. लोक आयुष्यात आधीच हरलेले असतात, निदान तिथे तरी त्यांना जिंकल्यासारखं वाटलं पाहिजे. किती चांगला विचार आहे! मग तिच्या कानात सांगायचं होतंस की बाई, मी मुद्दाम हरतोय.

पत्ते खेळताना मीही तुझ्याशी मुद्दाम हरायचे, कारण हरलास की तू पत्ते फाडायचास. पण तू तेव्हा पाच वर्षांचा होतास आणि डाव संपला की आपण जेवायला बसायचो. तुझ्यासमोर उभी होती ती तेवीस वर्षांची होती आणि तिला सोमवारी कामावर जायचं होतं. तू याला तालीम म्हणतोस. तालीम करायची तर समोरच्याने जोर लावायला नको? तू असं काही केलंस की तिला वाटलं, सुपरवायझर म्हणजे आतून पोकळच असतो, चार शब्द ठणकावून सांगितले की मान खाली घालतो. तिला हे कोणी शिकवलं? कारखान्याने नाही शिकवलं. मी तर नाहीच नाही.

तू म्हणशील ताई एवढी वर्षं गप्प बसली आणि आता मला शिकवते. गप्प बसले, हो. पण गप्प बसून मला तो माणूस कसा आहे ते माहीत झालं होतं, आणि ते तू मला कधी विचारलंच नाहीस. तू बिल्ला कसा आहे ते विचारलंस, लाकडाचा की पत्र्याचा. माणूस कसा आहे ते तू घरी बसून स्वतःच रचलंस, पोटासकट.

आणखी एक. तुझं पोस्टर इकडे पोचलं. त्यावर तुझी भाची, हातात बिल्ला, खाली लाल अक्षरांत 'आवाज उठला!' बस स्टॉपवर लागलं आहे, दवाखान्याच्या भिंतीवर लागलं आहे. छकी परवा बॅगांच्या कारखान्यात काम मागायला गेली. वॉचमनने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं, आणि हसत म्हणाला, "तूच ना ती? मग आमच्याकडे कशाला, तुमच्या नाटकात जा की." त्याच्या आधी मोज्यांच्या कारखान्यातही हेच झालं. ती तिथून चालत घरी आली, बसनेही आली नाही.

पोस्टरं काढ. छापून झालीत, पैसे खर्च झालेत, हे मला सांगू नकोस. छापून झालेला कागद फाडता येतो.

छकी बरी आहे. भिंतीकडे तोंड करून पडून असते, पण बरी आहे.

ताई


१० मार्च

बाळ्या,

तुझ्या अहवालासाठी गोड बातमी. कारखान्यात दुसरा बिल्ला आला. हा प्लास्टिकचा आहे, लाल. साहेबलोकांपैकी कोणीतरी पोस्टर पाहिलं, कुजबुज नको म्हणून हुकूम निघाला. एका लाइनीला आता दोन बिल्ले.

मी याला नाव ठेवणार नाही. मी तिथे बसले आहे, दुसरा बिल्ला म्हणजे काय ते मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. बायका दुपारी अर्धा ग्लास का होईना पाणी पितात म्हणे. हे तुझ्या नाटकाने झालं, आणि छकीने झालं. लिही तसं खुशाल. शेजारीण दारात उभी राहून सांगून गेली, आत आली नाही. "छकीला सांगा हं," म्हणाली आणि इकडेतिकडे बघत जिना उतरली. मी सांगितलं. छकी म्हणाली, "लाल का पण?"

त्या चाळीस जणींपैकी एकीनेही तुमचं कसं चाललंय म्हणून विचारलेलं नाही. मी त्यांच्यावर चिडत नाही, म्हणजे चिडते, पण त्यांनाही घरं आहेत. मी चिडते तुझ्यावर. तू आपला आहेस म्हणून ते सोपं जातं.

आता तुझं छकीला आलेलं पत्र. तिने मला वाचून दाखवलं. मोठ्या हॉलमध्ये प्रयोग आहे, देणगी देणारे येणार आहेत, आणि तुला छकी हवी आहे. स्टेजवर नाही, प्रेक्षकांत. तिने साध्या प्रेक्षकासारखं बसायचं, ठरल्या वेळी 'थांब' म्हणायचं, पुढे येऊन तुला हरवायचं. उत्स्फूर्तपणे. प्रत्येक प्रयोगाला. वर मानधन. बाळ्या, तुला हे लिहिताना हसू कसं आलं नाही? का आलं, आणि तरीही लिहिलंस?

मी छकीला म्हटलं, "अजिबात जायचं नाही."

"का?" ती धागे कापत होती. आम्ही आता घरी शर्टांचे सुटे धागे कापतो, नगावर.

"रोज उठून खोटं जिंकणार तू?"

"खरं हरून बघितलं की."

ती पुढे म्हणाली, "आई, सगळीकडे मला तीच पोस्टरवरची मुलगी म्हणतात. मग पैसे घेऊन तरी होते ना ती."

हेच मला नको आहे. ती आणखी एकदा त्या बिल्ल्यासकट लोकांसमोर उभी राहिली की इथलं एकही गेट तिला उघडणार नाही. तुझं नाटक वर्षभर चालेल, नंतर तू पाण्यावर करशील किंवा कचऱ्यावर करशील. तिने काय करायचं? तिला शिलाई येते. चांगली येते, माझ्यापेक्षा चांगली. तिला त्यावर जगू दे.

मी तिला अडवू शकत नाही, मोठी आहे. तू तिला नाही कळव. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. आता मागते.

ताई


२९ मार्च

बाळ्या,

तू नाही कळवलं नाहीस. तिकिटं पाठवलीस. दोन पाठवलीस, म्हणजे मलाही गप्प बसवायचा विचार दिसतो. येते आहे मी. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

माझ्या काही अटी आहेत. तिला आधी पोटभर खायला घालायचं. कोणी तिची मुलाखत घ्यायची नाही. 'ही खरी तीच मुलगी' असं कोणाला सांगायचं नाही. नवा फोटो काढायचा नाही. तू यातलं काय पाळशील आणि काय विसरशील ते मला आत्ताच सांगता येईल, पण लिहून ठेवलेलं बरं.

ती आता भिंतीकडे तोंड करून पडत नाही. उठून घरात येरझाऱ्या घालते, पाठीमागे हात बांधून. काल मी भांडी घासत होते तर मागे येऊन उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "बेटा, अजून किती राहिलीत?" मी दचकून वळले. तोच आवाज, त्या माणसाचा. मी ओलं फडकं फेकून मारलं. ती हसलीसुद्धा नाही. म्हणाली, "बरोबर जमला ना?"

तुझ्या नाटकाला याचा काय उपयोग ते मला कळलं नाही. म्हणून सांगून ठेवते.

ताई


१६ एप्रिल

बाळ्या,

इतक्या दिवसांनी तुझी पाच ओळींची चिठ्ठी आली. चार ओळी कामाच्या आणि पाचवी अशी: 'ताई, बाकी कोणाचं काही नाही, पण तू तरी हात वर करायचास.'

उत्तर देते. पण आधी माझ्या बाजूने त्या दिवशी काय दिसलं ते ऐक, कारण तू स्टेजवर होतास, तुझ्या डोळ्यांवर उजेड होता.

हॉल छान होता. मऊ खुर्च्या, गार हवा. प्रयोगाआधी मी बायकांच्या संडासात जाऊन आले, आमच्या दोन खोल्या त्यात मावतील एवढा मोठा आणि दाराशी कोणी बसलेलं नाही. छकी माझ्या शेजारी तिसऱ्या रांगेत होती. तू पुढे आलास, पोट काढून, शिट्टी अडकवून, आणि लोक हसले. काटकुळी मुलगी रडत मशीनवर बसली. मग तू म्हणालास, आता हेच पुन्हा, आणि छकीने 'थांब' म्हटलं. तू तिच्याकडे बघून असा काही आश्चर्याचा चेहरा केलास की मला क्षणभर खरंच वाटलं, याला माहीत नव्हतं. चांगला नट आहेस.

ती वर आली. तू तिला मुलीची जागा दाखवलीस. ती तिथे गेली नाही. तुझ्यासमोर आली, तुझ्या गळ्यातली शिट्टी काढून आपल्या गळ्यात घातली आणि म्हणाली, "मामा, तू बस मशीनवर. सुपरवायझर मी."

तू हसलास. सगळे हसले. 'थांब' म्हणणाऱ्याला अडवायचं नाही, हा तुझाच नियम, तूच दहा मिनिटांपूर्वी सगळ्यांना समजावून सांगितला होतास. बसलास. मग उठून बिल्ला उचललास आणि तिचीच वाक्यं म्हणालास, खिळ्याला टांगलेला राहील, कोणाला विचारणार नाही. तुझा आवाज घुमला. ती नुसती उभी होती, हात पाठीमागे. मग हळूच म्हणाली, "बेटा, आई कशी आहे?"

आपली आई जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तू गडबडलास. मी पाहिलं. तू म्हणालास, "विषय बदलू नका," आणि ती म्हणाली, "नाही बदलत, बेटा. काळजी वाटली म्हणून विचारलं." मग तू हक्कांबद्दल बोललास, कायद्याबद्दल बोललास, माणुसकीबद्दलही बोललास. ती प्रत्येक वेळी मान डोलवत राहिली, 'बरोबर आहे बेटा, अगदी बरोबर', आणि जागची हलली नाही. तुझा घाम कॉलरवर उतरला. तू तिच्याकडे अशा नजरेने बघत होतास की आता तरी मान खाली घाल, वेळ झाली. मला कळत होतं ते. तिलाही कळत होतं.

मग ती आमच्याकडे वळली. "याच्यासोबत कोण कोण आहे? हात वर करा. जो हात वर करेल त्याने आपली पर्स, कोट, जे काय असेल ते घेऊन आत्ता याच्यासोबत बाहेर जायचं. परत आत घेणार नाही." दोनतीन जण हसले, त्यांना वाटलं हेही लिहिलेलं आहे. मग कोणी हसेना. पहिल्या रांगेतली बाई पर्सची साखळी चाचपत होती. तू पहिली रांग पाहिलीस, मग दुसरी, मग मला पाहिलंस. छकीने तुझ्या हातातून बिल्ला घेतला, टेबलावर ठेवला, नीट सरळ केला. "नाटक छान झालं म्हणतात. आता गेटवर जा, बेटा." आणि तू गेलास, बाजूच्या दाराने.

तिने ते मजेत केलं असं समजू नकोस. थोडं मजेत केलं, आई आहे मी, मला दिसलं, आणि मला ते आवडलं नाही. पण बाहेर आल्यावर तिला उलटी झाली. शिट्टी अजून गळ्यातच होती.

पुढचं मला तुझ्या चार ओळींतून कळलं. देणगीवाल्यांना हेच जास्त आवडलं, 'अस्वस्थ करणारं' वाटलं, आणि त्यांनी पैसे मंजूर केले. आता प्रत्येक प्रयोगात हाच शेवट ठेवायचा आहे, तर छकीने यावं. एकूण काय, तू हरलास तरी तुझं चांगलंच होतं. असा मामा सगळ्यांना मिळो. छकी येणार नाही. हॉस्पिटलच्या चादरी धुतात तिथे तिला काम लागलं, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. पगार कमी आहे, हात फाटतात. संडासाला बिल्ला लागत नाही, एवढं तिने पहिल्याच दिवशी विचारून घेतलं.

आता तुझा प्रश्न. मी हात वर करणार होते. मांडीवरून उचलला गेलाच होता. तू माझा भाऊ आहेस, तुला मी अंघोळी घातल्या आहेत, तुझा चेहरा तसा झालेला मला कधीच बघवला नाही. पण मग वाटलं, मी हात वर केला तर हा आज रात्री शांत झोपेल, आणि जन्मभर समजत राहील की अशा वेळी कोणीतरी हात वर करतंच. छकी त्या लाइनीवर चाळीस माना बघत उभी होती तेव्हा कोणी केला नव्हता. म्हणून मी हात परत मांडीवर ठेवला, दुसऱ्या हाताने धरून ठेवला, आणि तू दारातून बाहेर जाईपर्यंत सोडला नाही.

ताई